ठासणीची रायफल: दारू वाढवण्याआधी नळी पुसून बघा

तुमच्या ठासणीच्या रायफलीच्या (दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायची बंदूक) पहिल्या दोन गोळ्या निशाणाच्या कागदावर शेजारी-शेजारी लागल्या आणि पुढच्या तीन कागदभर पसरल्या, असं तुम्ही लिहिलंत आणि त्यावर वरच्या एका उत्तरात बंदुकीची दारू वाढवायचा सल्ला आलाय. कृपया एवढ्यात तसं करू नका. काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग काजळी आणि क्षार होऊन मागे उरतो. प्रत्येक बारागणिक, म्हणजे दर गोळी झाडल्यावर, नळी चिंचोळी होत जाते, गोळी दर वेळी वेगळ्या जोरानं बसते आणि नेम पसरतो. प्रत्येक बारानंतर नळीतून एक ओलसर चिंधी फिरवा, मग एक कोरडी, एवढंच करून पाच गोळ्या मारा.

आणि गोळीभोवती गुंडाळलेल्या, चरबी लावलेल्या कापडाच्या ज्या चिंध्या बाराबरोबर उडतात, त्याही उचलून बघाच! मारा थांबला की दहा-पंधरा पावलांवर सापडतात. मधे काळा गोल डाग, कडा विस्कटलेल्या, पण कापड शाबूत असेल तर गोळी आणि कापडाची जोडी जमली. मधे जळून भोक पडलं असेल तर चरबी कमी पडतेय किंवा कापड पातळ आहे. रेषेत चिरा दिसल्या तर नळीच्या आतल्या आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचांच्या) कडा धारदार आहेत. माझ्या ०.५० कॅलिबरच्या (नळीचा आतला व्यास, इंचात) रायफलीला ०.४९० इंची गोळी आणि ०.०१५ इंच जाडीचं सुती कापड चाललं, सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

गोळी आत ठासायच्या गजावर नळीच्या तोंडाशी खूण करा, म्हणजे गोळी दारूवर पूर्ण टेकली की नाही ते कळतं. मधे पोकळी राहिली तर नळी फाटू शकते. दारू मापानंच ओता, थेट डब्यातून कधीच नको. आधुनिक बंदुकांची धुरविरहित दारू तर अजिबात नाही.