ड्राय पीएसडी: पावडर ट्रेवरून एकसारखी सरकतच नाही

बोईसर_क्यूसी:
तारापूर एमआयडीसीत एपीआयच्या (औषधातल्या मूळ द्रव्याच्या) क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत आहे. मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक दळलेल्या) मालाचा पीएसडी, म्हणजे कणांच्या आकारांची विभागणी, लेझर डिफ्रॅक्शनवर (कणांवरून विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून) कोरडाच घेते. डी५० (निम्मा माल ज्या आकाराखाली असतो तो आकडा) आठ मायक्रॉनच्या आसपास. पाऊस सुरू झाल्यापासून छळ चाललाय. ट्रे थरथरतो, पावडर ढिम्म. मग एकदम ढेकूळच घसरतं. ऑब्स्क्युरेशन (पावडरीने अडलेला लेझर प्रकाश) अर्ध्या टक्क्यावरून बारावर, परत शून्य. एकाच बाटलीचा डी९० (९० टक्के माल ज्याखाली, तो आकार): १९, २७, २१. फीड रेट ४० चा ७० केला, तर आणखी बिघडलं. सीनियर म्हणतात ट्रेला चमच्याने टिचकी मार. मारते, पण एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) टिचकी कशी लिहू?

जुना_लॅबवाला:
टिचकी आम्हीही मारलीय, ऑडिटर आला की चमचा ड्रॉवरमध्ये! फीड रेटला आधी हात लावू नका. हॉपरखालची (पावडर ओतायच्या नरसाळ्याखालची) फट बघा. चिकट माल तिथेच कमान धरतो, कमान कोसळली की ढेकूळ. फट थोडी थोडी वाढवा, ट्रेवर पातळ सलग थर दिसला की थांबा. मग रेट. जाळीची टोपली असेल तर तीत स्टीलच्या गोळ्या टाका, ढेकळं तिथेच फुटतात. माल ठिसूळ असेल तर मात्र गोळ्या नकोत, कणच मोडतील. ऑब्स्क्युरेशनला ०.५ ते ५ टक्क्यांची मर्यादा लावा, बाहेरचं मोजलंच जाणार नाही. आणि घातलेला नमुना पूर्ण जाऊ द्या. ट्रेवर जाड-बारीक वेगळे होतात, अर्ध्यात थांबलात तर अर्धाच माल मोजलात.

पावडर_पंडित:
यूएसपी ४२९ (अमेरिकी औषधकोशातलं लेझर डिफ्रॅक्शनचं प्रकरण) डी९०सारख्या टोकाच्या आकड्यांना साधारणपणे आरएसडी (सरासरीच्या तुलनेत आकड्यांची तफावत) १५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतं. तुमचा साडेअठराच्या वर जातोय. बाटलीत वरचाच चमचा घेता का?

बोईसर_क्यूसी:
हो, वरचाच. 🙈

पावडर_पंडित:
मग दोष एकट्या फीडरचा नाही. बाटली हळू उलटसुलट फिरवा, आपटू नका, आपटलं की जाड कण वर येतात. स्पिनिंग रिफलर (नमुना फिरवत सारखे भाग पाडणारं यंत्र) असेल तर उत्तमच.

बोईसर_क्यूसी:
काल फट वाढवली, गोळ्या टाकल्या, बाटली वीसदा फिरवली. डी९०: २०, २१, २०. गोळ्यांनी कण मोडले नाहीत ना, ते वेट (पावडर द्रवात मिसळून मोजायच्या) पद्धतीशी ताडून बघतेय. शिवाय कळलं की लॅबचा एसी रात्री बंद करतात, सकाळी आर्द्रता ७२ टक्के! सीनियर मात्र अजून म्हणतात, टिचकीनेच आलं.