चक्रीवादळ येतंय आणि निवारा केंद्र जवळ आहे, तरी लोक घर का सोडत नाहीत?

ए-२०४: केंद्र हाकेच्या अंतरावर, भोंगाही वाजलेला, तरी माणसं घरातच. अडाणीपणाच ना हा?

सी-५०१: नाही हो, हिशोब असतो तो. दावणीला गाय, काठावर होडी. ती गेली तर वाचून खायचं काय? म्हणून बांगलादेशात काही ठिकाणी मातीचे उंच भराव घातलेत, 'किल्ला' म्हणतात त्याला. गुरं वर चढली की माणसं निघतात.

बी-१०३: आणि बायकांचं काय? एका हॉलमध्ये शेकडो माणसं, संडासाला कडी नाही. मग बाई म्हणते, "तुम्ही व्हा पुढे." १९९१च्या वादळात तिथे सुमारे १,३८,००० माणसं गेली, त्यात बायका पुरुषांहून बऱ्याच जास्त.

ए-२०४: पण काका, घर पक्कं असेल तर?

सी-५०१: गफलत तिथेच होते. लोक अंदाज घेतात वाऱ्याचा, जीव घेतं वादळाने आत लोटलेलं समुद्राचं पाणी. एक घनमीटर पाणी म्हणजे १ टनाचा धक्का. स्लॅब वाऱ्याला दाद देणार नाही, पण तळमजल्यावर पुरुषभर पाणी शिरलं तर स्लॅब काय कामाचा? भिंत नाही, जोत्याची उंची बघायची. इशाऱ्यातला 'ताशी १५० किमी' ऐकून अंगणात पाणी कुठवर येईल ते कुणाला कळतं?

बी-१०३: फुसका इशाराही नडतो. सप्टेंबर २००७ मध्ये बांगलादेशात त्सुनामीचा इशारा दिला, काही आलं नाही. नोव्हेंबरात 'सिद्र' चक्रीवादळ आलं तेव्हा बरेच जण बसून राहिले.

ए-७०२: मग ओडिशाला कसं जमलं? १९९९ च्या चक्रीवादळात जवळपास १०,००० मृत्यू. २०१३ च्या 'फायलिन' वादळाला सुमारे १० लाख लोक हलवले, मृत्यू काही डझन.

सी-५०१: केंद्रं वाढली, पण नुसत्या इमारतीने माणूस हलत नाही. ओळखीचा स्वयंसेवक दारात उभा राहून "चला" म्हणतो, तेव्हा हलतो. शिवाय केंद्रात एरवी शाळा भरत असेल तर किल्ली कुणाकडे ते गावाला ठाऊक असतं. कुलूप बघून परतलेलं कुटुंब पुन्हा येत नाही.

ए-२०४: निघायचं कधी?

बी-१०३: हवामान खात्याचा पिवळा अलर्ट साधारण ४८ तास आधी, नारिंगी २४ तास आधी. नारिंगी आला की उजेडातच निघा. नंतर रस्त्यावर झाडं आडवी होतात.

सी-५०१: आणि वारा मध्येच पडला तर घरी परतू नका. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, जात असतो, मग उलट्या दिशेने झोडपतं. गुरं नेता आली नाहीत तर दावं सोडा, बांधलेलं जनावर जागीच बुडतं.