९ एमएमचा दुष्काळ: काडतुसं मिळवायची कशी आणि ह्यूस्टनच्या दमट हवेत ठेवायची कुठे?

दमटह्यूस्टन · २२ सप्टेंबर २०२१

ग्रीनकार्ड आहे. ९ एमएमचं एक पिस्तूल आणि .२२ ची एक रायफल, दोन्ही चांदमारीच्या सरावासाठीच. महिन्यातून दोनदा रेंजवर जातो, दर वेळी ९ एमएमच्या दीडशे गोळ्या लागतात. आसपासच्या दुकानांत ९ एमएमची फळी रिकामी असते, असलाच माल तर माणशी एक-दोन डबे. ऑनलाइन मिळतं, पण भाव ऐकून हात आखडतो. त्यात आता रशियन मालावर बंदी आली.

१. भाव उतरायची वाट पाहावी की मिळेल ते घ्यावं? किती साठा शहाणपणाचा?
२. रशियन, जुनं लष्करी, पुन्हा भरलेलं, यातलं काय चालेल?
३. गराजमध्ये रिकामी कपाटं आहेत, तिथे ठेवलं तर? नाहीतर एच-१बी वरच्या एका मित्राच्या घरी जागा आहे, त्याची हरकत नाही.

---

चांदमारी

आधी तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचा शेवट, कारण बाकी चुकांनी पैसे जातील, या चुकीने मित्राचा इथला मुक्कामच धोक्यात येईल. त्याच्या घरी एक गोळीसुद्धा ठेवू नका. फेडरल कायद्यानुसार एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक *किंवा काडतूस* बाळगायला मनाई आहे. पुष्कळांना वाटतं की मनाई फक्त बंदुकीला आहे. तसं नाही. अशा माणसाला काडतुसं देणाऱ्यावरही गुन्हा होतो, म्हणजे तुमच्यावर. याला अपवाद थोडे आहेत. सामान्य माणसाच्या कामाचा एकच: कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घ्यायलाही तो लागतो. "माझी ग्रीनकार्डची फाईल चालू आहे" हे उत्तर इथे चालत नाही.

तुम्ही ग्रीनकार्डवाले, तुम्हाला ही अडचण नाही. टेक्सासमध्ये काडतुसांना वेगळा राज्य परवाना लागत नाही आणि माल थेट घरी येतो. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, इलिनॉयमध्ये राहणाऱ्यांनी हे वाचून मागवू नये, तिथले नियम निराळे आहेत.

---

हिशेबी

टंचाई का आहे ते कळलं की कधी घ्यायचं ते आपोआप कळतं. २०२० मध्ये बंदुका विक्रमी खपल्या. पहिल्यांदाच बंदूक घेणारे लाखोंनी होते, आणि त्यातल्या प्रत्येकाला निदान दोन डबे हवे होते. त्याच वर्षी जुलैत रेमिंग्टन ही बंदुका-काडतुसांची कंपनी दिवाळखोरीत गेली. लोनोक, आर्कान्सा इथला तिचा काडतूस कारखाना व्हिस्टा आउटडोअरने घेतला, पण मधले महिने पुरवठा आटला तो आटलाच. खरी अडवणूक प्रायमरची आहे. शिसं, पितळ, बंदुकीची दारू हे सगळं असलं तरी बुडाशी ती छोटी टोपी नसेल तर काडतूस होत नाही. अमेरिकेत प्रायमर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या चारच, सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. त्यातल्या सीसीआय, फेडरल आणि रेमिंग्टन या तिन्ही २०२१ मध्ये व्हिस्टाच्याच घरातल्या होत्या.

रशियन काडतुसांच्या आयातीवरची बंदी २० ऑगस्ट २०२१ ला जाहीर झाली आणि ७ सप्टेंबरला लागू झाली. पण आधी मंजूर झालेले आयात परवाने त्यांची मुदत संपेपर्यंत चालणार होते. म्हणजे ट्युला, वुल्फ, बार्नाउल हे रशियन मालाचे ब्रँड लगेच गायब होणार नव्हते. "शेवटचा माल" म्हणून दुप्पट भाव लावणाऱ्याला सरळ नमस्कार करा.

२०२० च्या सुरुवातीला पितळी पुंगळीची साधी ९ एमएम १८-२० सेंटला गोळी मिळायची. २०२१ च्या सुरुवातीला ७० च्या वर गेली, सप्टेंबरात ४० च्या आसपास आली. भाव उतरत असताना वर्षाचा साठा करू नका. तुमचा खप महिन्याला ३००. तीन महिन्यांचे ९००, धरा एक हजार. एकदा हजार घ्या, मग जितकं उडवलं तितकंच भरून काढा.

भाव नेहमी एका गोळीचा, पाठवणावळीसकट काढा. ५० चा डबा २२ डॉलर आणि पाठवणावळ १५, म्हणजे गोळी ७४ सेंट. हजाराची पेटी ४२० आणि पाठवणावळ २५, म्हणजे साडेचव्वेचाळीस. पहिला सौदा दिसायला स्वस्त, पडायला महाग. अ‍ॅमोसीकसारख्या भाव शोधणाऱ्या संकेतस्थळावर कॅलिबर (काडतुसाचं माप) घालून एका गोळीच्या भावाने लावा. दुकानात मात्र फोन करून "ट्रकचा वार कोणता?" एवढंच विचारा आणि त्या दिवशी उघडताच जा. वॉलमार्टमध्ये हेलपाटा नको, त्यांनी २०१९ मध्येच पिस्तुलाची काडतुसं विकणं बंद करायचं जाहीर केलं.

बनावट संकेतस्थळं सध्या पावसाळी छत्र्यांसारखी उगवली आहेत. ओळख सोपी: सगळी कॅलिबर "उपलब्ध", भाव बाजाराच्या निम्मा, आणि पैसे फक्त झेल (पैसे पाठवायचं अ‍ॅप) किंवा क्रिप्टोने. क्रेडिट कार्ड घेत नसेल तर पान बंद करा. "टपालाने पाठवतो" म्हणणाराही खोटा, कारण अमेरिकी टपालाने काडतुसं पाठवता येतच नाहीत.

---

काडतूसवाला

दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

स्टीलच्या पुंगळीचा रशियन माल ९ एमएमला चालतो. जरा धुरकट आहे, एवढंच. पण त्यातल्या बहुतेक गोळ्यांच्या तांब्याच्या कवचाखाली पोलाद असतं. चुंबक चिकटलं तर पुष्कळ इनडोअर रेंज आत सोडत नाहीत. घेण्याआधी तुमच्या रेंजला विचारा.

जुन्या लष्करी मालात प्रायमर क्षारयुक्त असू शकतो. उडवल्यावर नळीत मिठासारखा थर राहतो, तो हवेतली ओल ओढतो आणि ह्यूस्टनमध्ये दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून आधी नळी गरम पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग तेल.

पुन्हा भरलेली काडतुसं ओळखीच्या कारखान्याची नसतील तर फुकटही नकोत. त्यातला मुख्य धोका दारू न पडलेली किंवा कमी पडलेली गोळी. आवाज फुसका येतो, धक्का लागत नाही आणि शिसं नळीतच अडकतं. त्यावर पुढची गोळी झाडली की नळी फाटते. आवाज वेगळा वाटला की थांबा, मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा आणि नळी आरपार दिसते का ते बघा. आणि नुसतीच "खट्" झाली, गोळी सुटलीच नाही, तर पिस्तूल निशाण्याकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा. बार उशिराही होतो.

टंचाईत सगळ्यात जास्त फसगत डब्यावरच्या अक्षरांनी होते. "९ एमएम" दिसलं की हात जातो. तुम्हाला हवं ते ९x१९, त्यालाच लुगर किंवा पॅराबेलम म्हणतात. ९x१८ हे मकारोव्ह, त्याची गोळी पाव मिलिमीटर जाड. .३८० ऑटोवर कधी "९ एमएम कुर्ट्झ" लिहिलेलं असतं, तेही तुमचं नाही. डब्यावर विसंबू नका, काडतुसाच्या बुडावरचा ठसा वाचा आणि तो नळीवरच्या ठशाशी जुळवा.

---

ओलावा_विरोधी

गराज नको. माळा तर त्याहून नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते. दारूत नायट्रोसेल्युलोज असतं. ते मुळातच सावकाश विघटित होत असतं आणि उष्णतेने तो वेग वाढतो. कंपन्या त्यात स्थिरक घालतात, तो संपला की दारू खराब. एका उन्हाळ्यात काही होणार नाही, पण वर्षानुवर्षं तसं ठेवू नये.

गराजचा दुसरा त्रास ओलीचा. रात्री थंड झालेला डबा सकाळी दमट हवेत उघडला की गार ताकाच्या पेल्यावर येतं तसं पाणी काडतुसांवर येतं. थंडीतून आत आणलेला डबा रात्रभर बंद ठेवा, सकाळी उघडा.

योग्य जागा म्हणजे एसी असलेल्या घरातलं आतलं कपाट, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं. गॅस-गीझर, पेट्रोल, थिनरपासून लांब. जमिनीपासून वर, फळीवर. पूर येणाऱ्या भागात तर आणखी वर.

डबा लष्करी पत्र्याचा, रबरी गॅस्केटचा. .५० कॅलिबरच्या एम२ए१ डब्यात ९ एमएमचे ५०-५० चे वीस खोके बसतात. हजार गोळ्यांचं वजनच बारा किलो, वर डब्याचं अडीच. त्यामुळे तकलादू फळी वाकते. .५० पेक्षा मोठा डबा घेऊच नका, भरल्यावर उचलता येत नाही. वापरलेला डबा घेताना झाकणात नोट धरून बंद करा आणि ओढा. चारी बाजूंनी घट्ट हवी. सैल सुटली तर गॅस्केट गेलं.

आत सिलिका जेलची ५० ग्रॅमची पुडी. नारंगी दाण्यांची घ्या, ओल प्यायल्यावर ते हिरवे होतात. मग १२० अंश सेल्सियसवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास, फक्त पुडीचं कापड ते सोसणारं असेल तर. दाणे सुटे टाकू नका. आणि मिठाच्या बरणीत टाकतो तसे तांदूळ तर नकोच. ते ओल नावापुरती ओढतात, वर भुसा आणि किडे.

काडतुसं मूळ खोक्यातच ठेवा, लॉट नंबर त्यावर असतो आणि कंपनीने माल परत मागवला तर तोच लागतो. खोक्यावर खरेदीचा महिना लिहा, जुनं आधी वापरा. तेल किंवा गंजरोधक फवारा काडतुसावर मारू नका, पातळ तेल प्रायमरच्या फटीतून आत झिरपतं. चामड्याच्या पट्ट्यातही ठेवू नका, कमावलेल्या चामड्यातल्या आम्लाने पितळेवर हिरवट कळंक चढतो.

कुलूप लावा, किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी. बंदूक वेगळ्या कुलपात.

---

दमटह्यूस्टन

मित्राचा विषय मिटला, हे माहीतच नव्हतं. दोन शंका. घरात आग लागली तर हजार गोळ्या म्हणजे बॉम्बच नाही का? आणि वादळात डबा बुडाला तर वाळवून वापरता येतं?

---

ओलावा_विरोधी

बॉम्ब नाही. नळीबाहेर पेटलेलं काडतूस फुटतं, पितळेचे तुकडे उडतात, पण नळीतून सुटलेल्या गोळीसारखा वेग त्याला येत नाही. आगीच्या बंबावाले पूर्ण पेहरावात हे हाताळतात, फक्त त्यांना सांगा. खरा धोका आगीत *भरून ठेवलेल्या बंदुकीचा*, तिची गोळी खरीच सुटते. सुटी दारू आणि सुटे प्रायमर ठेवणार असाल तर नियम वेगळे आहेत. एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या संहितेत घरासाठी प्रायमरची मर्यादा १०,०००, दारू २० पौंडांपर्यंत मूळ डब्यात आणि त्यापुढे ५० पौंडांपर्यंत इंचभर जाड लाकडी पेटीत.

बुडालेली वापरू नका. काडतूस उद्योगाचं मंडळ सामी हेच सांगतं. बाहेरून वाळली तरी आत काय झालं ते दिसत नाही, आणि फुसकी गोळी वर लिहिलीच आहे. कचऱ्यात टाकू नका, पोलीस ठाण्याच्या बिगर-तातडीच्या नंबरवर फोन करून जमा करा.

---

चांदमारी

खप कमी करायचा तर घरी रिकाम्या पिस्तुलात स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घालून घोडा दाबायचा सराव, रोज दहा मिनिटं. काडतुसं दुसऱ्या खोलीत. .२२ रायफलवर स्नॅप कॅपशिवाय करू नका, बहुतेक मॉडेलांत फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून खाच पाडते.

आणि डिसेंबरात भारतात जाणार असाल तर रेंजची पिशवी प्रवासाला वापरू नका. अस्तराच्या फटीत राहिलेली एक .२२ ची गोळी मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसते आणि आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. "विसरून राहिली" हे मग पोलिसांपुढे आणि कोर्टात पटवत बसायचं. रिकाम्या पुंगळ्यासुद्धा झटकून काढा.