मदत हवी आहे: नवरा निरोध वापरत नाही, बाईच्या हातात काय उपाय?

विडीशेड, अक्कलकोट रोड
सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांच्या बैठका घेते. एकीचा नवरा हैदराबाद लाइनला ट्रकवर असतो. निरोध नको म्हणतो, एचआयव्ही तपासणीलाही तयार नाही. ती निगेटिव्ह आहे. त्याला न कळता वापरता येईल असं जेल किंवा रिंग मिळते का?

समुपदेशक
जेलचा नाद सोडा. शुक्राणू मारणारं नॉनऑक्झिनॉल-9 वारंवार लावलं तर आतलं अस्तर सोलवटतं आणि धोका उलट वाढतो. टेनोफोविर या एचआयव्हीविरोधी औषधाच्या 1% जेलने 2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेत लागण 39% कमी दाखवली, पण पुढच्या चाचण्यांत तो परिणाम टिकला नाही. बऱ्याच जणी ते नियमित लावतच नव्हत्या.
डॅपिव्हिरिन या एचआयव्हीविरोधी औषधाची सिलिकॉन रिंग बाई स्वतः बसवते, आत महिनाभर राहते. संरक्षण मात्र साधारण तीस टक्के, आणि आपल्याकडे दुकानात मिळत नाही.
आज तिच्यासाठी प्रेपची, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी: टेनोफोविर 300 आणि एम्ट्रिसिटाबिन 200 मिग्रॅ, रोज एक, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. आधी एचआयव्ही, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि कावीळ बी (हिपॅटायटिस बी) तपासा. बी असेल तर गोळी अचानक बंद केल्यावर यकृताला सूज येते.

विडीशेड
तो घरी येतो तेवढ्याच दिवसांत घेतली तर? आणि सासूच्या हाती बाटली लागली तर?

गोळीडबी
तेवढ्यापुरती चालणार नाही. योनीच्या पेशींत हे औषध कमी साठतं, म्हणून बाईला चुकलेली गोळी जास्त महागात पडते. पहिले 7 दिवस भरवसा धरू नका, काही डॉक्टर 21 सांगतात. फक्त संबंधाच्या आगेमागे घ्यायची पद्धत पुरुषांसाठी आहे.
बाटलीचं म्हणाल तर हेच औषध एचआयव्हीच्या उपचारातही देतात, त्यामुळे नाव वाचून संशय येणारच. आठवड्याच्या 7 गोळ्या साध्या डबीत काढा. बाकी मूळ बाटलीतच ठेवा, ओल शोषणाऱ्या पुडीसकट, विश्वासातल्या बाईकडे.

समुपदेशक
बायकांचा निरोध लपत नाही, बाहेरची कडी दिसते. पण ‘मी लावलाय, तुम्हाला काही करायचं नाही’ म्हटलं की काही नवरे ऐकतात. आतली कडी चिमटीत धरून खोल सारायची. लिंग निरोधाच्या बाजूने गेलं तर उपयोग शून्य. दोघांचे निरोध एकत्र नकोत.
प्रेपचंच दुसरं औषध म्हणजे लेनाकापाविरचं इंजेक्शन, सहा महिन्यांतून एकदा. 2024 च्या आफ्रिकेतल्या चाचणीत ते घेतलेल्या 2134 जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. लपवाछपवीला याहून सोयीचं दुसरं नाही.
तिचा निगेटिव्ह रिपोर्ट कधीचा? त्यानंतर संबंध आला असेल तर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, पुन्हा तपासा, तिथे मोफत होतं. लागण असताना प्रेप सुरू केली तर विषाणू त्याच औषधाला दाद देईनासा होतो. आणि संबंधाला 72 तास झाले नसतील तर प्रेपची वाट न पाहता आधी 28 दिवसांच्या पेपसाठी (संबंधानंतर लागण रोखायच्या गोळ्या) सरकारी दवाखाना गाठा.