पान २१२ वर अडकलोय, कादंबरी सोडू का?

खानापूरचा_पासवाला:
मंडळी, कादंबरी अर्धी सोडताना तुम्हाला काही वाटतं का? मला वाटतंय, आणि जरा जास्तच.

मी रोज खानापूरहून बेळगावला बसने जातो. खिडकी मिळाली तर वाचतो, नाही मिळाली तर उभ्याने डुलक्या. दोन महिने झाले, वाचनालयातून आणलेली एक जाडजूड कादंबरी घेऊन फिरतोय. ६४० पानं, चार पिढ्या, एक वाडा. पान ६० वर आजोबा आता जातात असं वाटलं होतं. पान २१२ वर ते अजून खोकतायत. लिहिणाऱ्याची मराठी चांगली आहे, तक्रार तिच्याबद्दल नाही. पण पान उलटताना हात जड होतो, आणि थोडी वाट गेली की मी मोबाईल काढतो.

परवा प्रत नीट बघितली. मागच्या चिठ्ठीवर परतीच्या तारखेचे नऊ शिक्के. कुणीतरी पेन्सिलीने शुद्धलेखन तपासत गेलंय, ऱ्हस्व-दीर्घ सगळं, पण ते पान १३८ पर्यंतच. १४० वर चहाच्या कपाचा गोल डाग. त्यापुढे एकाही पानाचा कोपरा दुमडलेला नाही, पानं नव्या नोटांसारखी चिकटलेली. म्हणजे माझ्या आधीच्या नऊजणांनी मुकाट्याने परत केली.

मग मला का जमत नाही? खरं सांगतो. बसची पाटी कन्नड, हातातलं तिकीट कन्नड, आणि मांडीवर हे मराठी पुस्तक. ते मिटलं की आपणच काहीतरी सोडून दिल्यासारखं होतं. बायको म्हणते, "सीमाप्रश्न काय तुमच्या मांडीवर सुटणार आहे?" हसू नका.

निपाणीची_मावशी:
हसले. माफ करा.

शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे पुस्तक अर्धं सोडणं म्हणजे डबा न संपवता उठणं, असंच माझंही होतं. मग नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा ठोकताळा वाचनात आला. पुस्तकाला ५० पानं द्यायची, तोवर धरलं नाही तर खुशाल ठेवून द्यायचं. पन्नाशी उलटली की मात्र १०० मधून आपलं वय वजा करायचं, राहतील तेवढीच पानं. वेळ कमी उरला ना! मी ६३, म्हणजे ३७ पानं. शंभरी गाठली तर नुसतं मुखपृष्ठ बघून नाही म्हणायची मुभा.

तुमचं गणित करून बघितलं. १०० मधून वय वजा करून २१२ यायला हवेत, तर तुम्हाला जन्माला यायला अजून ११२ वर्षं आहेत. द्या परत.

शहापूरकर:
सोडा की हो. आवडत नाही तर कशाला वाचालाय?

टिळकवाडीचा_उंदीर:
मी थोडा उलटा. एक कादंबरी मी दोनदा सोडली होती, दोन्ही वेळा परीक्षेच्या दिवसांत. तिसऱ्यांदा आईच्या आजारपणात, दवाखान्याच्या बाकावर, तीन दिवसांत संपवली. पुस्तक तेच, बाक वेगळा. म्हणून मी "सोडली" म्हणत नाही, "ठेवली" म्हणतो. पण तुमच्या आजोबांचा खोकला ऐकता, ही ठेवायची की सोडायची ते तुम्हीच बघा.

आणि ते कन्नड तिकिटाचं मनाला लावून घेऊ नका. उमा कुलकर्णी आपल्या बेळगावच्याच. कन्नड कादंबरीकार भैरप्पांचं 'वंशवृक्ष' त्यांनी मराठीत आणलं, त्या अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घरात त्यांचे यजमान विरूपाक्ष यांनी कन्नड वाचायचं आणि बाईंनी ते ऐकून मराठीत उतरवायचं, अशी त्यांची रीत होती. आपल्या मातीतली मराठी अशी कन्नडच्या मांडीला मांडी लावून बसलेली आहे. एका वाड्याच्या कादंबरीने तिचं काही बिघडत नाही.

खानापूरचा_पासवाला:
सगळ्यांना धन्यवाद. उंदीरभाऊ, "ठेवली" आवडलं, पण माझी सोडलेलीच आहे.

काल परत केली. काउंटरवरच्या काकांनी शिक्का मारला आणि विचारलं, "संपली?" मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "असूदे." त्यांना सवय असणार. कालचं बसचं तिकीट मात्र २१२ वर आतच राहिलं.

देण्याआधी शेवटचं पान वाचलं, एवढं पाप केलं.

निपाणीची_मावशी:
मग? गेले का आजोबा?

खानापूरचा_पासवाला:
कुठले! खोकतायत.