आपल्याच देशाच्या खासगी रॉकेटचा तुकडा घरावर पडला, तर भरपाई कोण देणार?

सिंदेवाहीकर:
२ एप्रिल २०२२ च्या रात्री आमच्या तालुक्यातल्या लाडबोरीत आकाशातून धातूचं भलंमोठं कडं पडलं. चिनी रॉकेटचा भाग असावा, असं जाणकार म्हणाले. आता आपल्याकडेही खासगी कंपन्या उतरल्यात. स्कायरूटचं विक्रम-एस २०२२ मध्ये उडालं, अग्निकुलचं २०२४ मध्ये. उद्या यांचं काही कोणाच्या गोठ्यावर पडलं, तर आपल्या कायद्यात सोय आहे का?

अॅडव्होकेट, नागपूर:
प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ दायित्व (म्हणजे नुकसानभरपाईच्या) करारानुसार जमिनीवर नुकसान झालं तर रॉकेट सोडणारा देश जबाबदार. चूक कोणाची हे सिद्धही करावं लागत नाही. म्हणजे चिनी तुकड्याने नुकसान झालं असतं, तर भारत सरकार चीनकडे दावा करू शकलं असतं. कॅनडाने तसं केलंय. १९७८ मध्ये कॉसमॉस ९५४ हा सोव्हिएत उपग्रह तिथे कोसळला आणि सोव्हिएत संघाने पुढे ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले.

पण त्याच कराराचं सातवं कलम वाचा. रॉकेट सोडणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागूच होत नाही! म्हणजे भारतीय रॉकेटने लाडबोरीच्या शेतकऱ्याचं नुकसान केलं, तर त्याला देशातल्या कायद्याचाच आधार. आणि खास अंतराळासाठीचा कायदा आपल्याकडे झालेलाच नाही. २०१७ चा मसुदा हरकती-सूचनांसाठी आला आणि तिथेच राहिला. २०२३ चं अंतराळ धोरण आहे, पण धोरण घेऊन दिवाणी कोर्टात काय करणार? वर्षानुवर्षं तारखा पडतील. नव्या कायद्यात नुकसानग्रस्ताला थेट दावा करता आला पाहिजे. माझा आग्रह यासाठीच आहे.

भोसरीचा उद्योजक:
आम्ही सुटे भाग बनवतो, म्हणून दुसरी बाजू. २०१७ च्या मसुद्यात सरकारवर आलेला दावा परवानाधारकाने भरून द्यायचा होता, पण किती रकमेपर्यंत, ते मसुद्यात नव्हतं. असा अमर्याद बोजा असेल तर नव्या कंपनीला विमा कोण देणार? फ्रान्सने २००८ च्या कायद्यात मर्यादा घातली. त्यावरचा भार सरकार उचलतं.

अॅडव्होकेट, नागपूर:
मर्यादा जरूर असावी. पण ती कंपनी आणि सरकार यांच्यातली. शेतकऱ्याला पूर्ण रक्कम आधी मिळावी, ती कोणाच्या खिशातून गेली हे त्या दोघांनी नंतर ठरवावं. खासगी अंतराळ कंपन्यांना परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या सरकारी संस्थेलाही संसदेच्या कायद्याने अधिकार द्या, म्हणजे अटी मोडणाऱ्याला दंड करता येईल.

सिंदेवाहीकर:
हे सातवं कलम माहीत नव्हतं. आमच्या खासदारांना पत्र लिहितोय. थेट दाव्याचा मुद्दा कसा मांडायचा, दोन ओळींत सांगाल का?