'कॅटेगरी मिस्टेक'ला मराठीत काय म्हणाल?

अडलेली: गिल्बर्ट राइलवर लेख लिहितेय. जन्म १९००, ब्रायटन, ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'. गाडी अडलीये ती त्यातल्या 'कॅटेगरी मिस्टेक'वर. पाहुण्याला ऑक्सफर्डची कॉलेजं, ग्रंथालयं, मैदानं सगळं दाखवलं, तरी तो विचारतो, "पण विद्यापीठ कुठंय?" ती ही चूक. शरीराखेरीज 'मन' नावाची आणखी एक वस्तू शोधणारेही तेच करतात, असं राइलचं म्हणणं. मी 'प्रवर्ग-प्रमाद' लिहिलं. नवरा म्हणाला, "जातीच्या दाखल्यात घोळ झालाय का?"

कोशवेडा: 'पदार्थदोष' लिहा. आपल्या वैशेषिक दर्शनाने द्रव्य, गुण, कर्म या प्रवर्गांना पदार्थच म्हटलंय. शब्द घरात आहेत, आपल्याला लाज वाटते.

साबुदाणा: पदार्थदोष म्हणजे खिचडीचा गोळा होणे.

कोशवेडा: मग 'कोटिदोष'.

साबुदाणा: फसलेली शाब्दिक कोटी! उदाहरणच द्या ना: 'ती रागात आणि रिक्षात घरी आली.' राइलच्या उदाहरणात ती अश्रूंच्या पुरात आणि मेण्यात घरी येते, जात तीच.

अडलेली: हे घेतलं! 'घोस्ट इन द मशीन'ला 'यंत्रातलं भूत' चालेल ना?

कोशवेडा: अजिबात नाही. पंचमहाभूतं जड असतात. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने शरीराच्या यंत्रात बसवलेलं मन जड नाही, त्याचीच तर राइल टर उडवतोय. तुम्ही जडात जड घालताय.

कुडाळकर: अहो, भूत म्हटल्यावर पृथ्वी-आप-तेज कुणाला आठवतं? आमच्याकडे देवचार असतो, पण त्याची हद्द ठरलेली. यंत्रात नाही शिरायचा.

साबुदाणा: समंध?

कुडाळकर: समंधाची काहीतरी वासना अडकलेली असते. राइलच्या भुताला काही हवंय असं वाटत नाही.

विहीरवाला: विषय निघालाच आहे म्हणून. राइलने 'कसं करायचं ते येणं' आणि 'अमुक आहे हे माहीत असणं' वेगळं काढलं. इंग्रजीत दोन्हीला एकच क्रियापद, म्हणून बिचाऱ्याला एवढं लिहावं लागलं. मराठीत पोहणं माहीत नसतं, येतं. मामाने विहिरीत ढकललं तेव्हा मला पाण्याची माहिती भरपूर होती.

कोशवेडा: वा! हे आपल्या व्याकरणातच आहे.

साबुदाणा: 'मला उत्तर येतं' म्हणत हात वर करणारं पोर काय करून दाखवणार असतं? ती माहितीच.

विहीरवाला: ते शाळेतलं मराठी. घरी 'उत्तर माहितीये' म्हणतात.

कुडाळकर: आम्ही घरीही 'येता'च म्हणतो.

साबुदाणा: आणि मला ताप येतो, तोही कौशल्यात धरायचा का?

अडलेली: प्रवर्गाचं काय करू? उद्या मजकूर द्यायचाय.

विहीरवाला: बरं, पाढे येतात की पाठ असतात?